यंदाच्या व्याख्यानमालेत एक संध्याकाळ न्यूट्रिनोला द्या

प्रति,
गोव्यात गावोगावी व्याख्यानमाला भरवणारी वाचनालयं, देवस्थान समित्या आणि सांस्कृतिक मंडळं यांच्या कार्यकारिणींना,

सप्रेम नमस्कार.

चवथीची धामधूम आटोपली की तुमच्या बैठका सुरू होतात. पुण्या-मुंबईहून कोणाला बोलवायचं, उतरायची सोय कोणाकडे, कुठल्या दिवसाचा खर्च कोण उचलणार, हे एकदा ठरलं की त्यात बदल होत नाही. म्हणून हे पत्र आधीच धाडतो आहे.

मागणी एकच आहे. विश्वात द्रव्य मुळात उरलंच कसं, आणि त्याचा न्यूट्रिनो नावाच्या कणाच्या वस्तुमानाशी काय संबंध, या विषयाला यंदा एक अख्खी संध्याकाळ द्या. 'विज्ञान आणि अध्यात्म' अशी जोडणी करून नको. शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभाला चिकटवूनही नको.

हा विषय आपल्या मंचावर का येत नाही, ते मी ऐकून आहे. एका मंडळाच्या पदाधिकाऱ्यांकडे मी तो सुचवला होता. "सर, विषय चांगला आहे, पण लोक उठून जातील," असं उत्तर मिळालं. जत्रेच्या रात्री उशिरा सुरू होणारं नाटक उजाडेपर्यंत बघणारा आपला माणूस दीड तासाच्या भाषणातून उठून जाईल, हे मला पटत नाही. तो उठतो तो सत्कारांना कंटाळून. प्रमुख पाहुण्यांची वाट बघण्यात पाऊण तास, शाल-श्रीफळात अर्धा तास, आणि मग वक्ता जरा रंगात आला की त्याच्या हातात 'वेळ संपत आली' ही चिठ्ठी.

विज्ञान तुमच्याकडे येतच नाही असं नाही. येतं ते दोन वेषांत: एक चांद्रयानाची चित्रं, दुसरा 'हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं'. पहिल्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्याला टाळ्या खूप पडतात, पण घरी जाताना श्रोत्याच्या डोक्यात एकही नवा प्रश्न नसतो. मी सुचवतो आहे त्या विषयाचं उत्तर अजून कोणाकडेच नाही. माझ्या मते हीच त्याची सगळ्यांत मोठी लायकी.

आता विषयाबद्दल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना शाळा सोडून खूप वर्षं झाली असतील, म्हणून मुळापासून सांगतो.

प्रत्येक कणाला एक प्रतिकण असतो: वस्तुमान तेच, विद्युतभार उलटा. १९३२ साली कार्ल अँडरसनला विश्वकिरणांत इलेक्ट्रॉनचा प्रतिकण सापडला, पॉझिट्रॉन. ही काही कथा-कादंबरीतली वस्तू नव्हे. कर्करोगाच्या रुग्णाचं पेट स्कॅन होतं ते पॉझिट्रॉनच्याच जोरावर. कण आणि प्रतिकण भेटले की दोघंही संपतात आणि मागे प्रकाश उरतो. अडचण सुरू होते ती इथे. आरंभीच्या तप्त विश्वात दोन्ही सारख्याच संख्येनं तयार होत होते. मग थंड होताना सगळ्या जोड्या एकमेकांना भिडून संपायला हव्या होत्या. उरायला हवा होता नुसता प्रकाश.

तसं जवळजवळ झालंही. आज विश्वाच्या प्रत्येक घनसेंटीमीटरमध्ये त्या काळचे सुमारे ४१० प्रकाशकण आहेत. प्रोटॉन मोजायला गेलात तर सरासरीनं चार घनमीटरमध्ये एखादा. म्हणजे एका प्रोटॉनमागे दीडशे कोटींच्या वर प्रकाशकण. यावरून मागे हिशेब केला तर असं दिसतं, की दर शंभर कोटी प्रतिकणांमागे साधारण शंभर कोटी एक कण असले पाहिजेत. शंभर कोटी जोड्या गेल्या, एक राहिला. सगळे तारे, सह्याद्री, मांडवी, तुमची कार्यकारिणी आणि तिच्यातले दोन्ही गट त्या एकातून घडले. तो एक जास्तीचा आला कुठून, हा प्रश्न.

उत्तर कुठल्या प्रकारचं असावं लागेल हे १९६७ मध्ये आंद्रेई साखारोव यांनी मांडलं. हेच ते सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बच्या कामातले भौतिकशास्त्रज्ञ, ज्यांना पुढे १९७५ चं शांततेचं नोबेल मिळालं. त्यांनी तीन अटी घातल्या. द्रव्याच्या कणांची एकूण संख्या बदलू शकेल अशी एखादी प्रक्रिया निसर्गात हवी. निसर्गानं कण आणि प्रतिकण यांच्यात थोडा तरी भेदभाव केला पाहिजे. आणि हे सगळं समतोल बिघडलेला असताना घडलं पाहिजे. तिसरी अट ऐकायला अवघड वाटते, पण जुने गोवेंहून दिवाडीला जाणाऱ्याला ती समजवावी लागणार नाही. फेरीबोट दिवसभर येत-जात असते तोवर जेवढे लोक पलीकडे जातात तेवढेच परत येतात, बेटावर कोणी जास्तीचं साठत नाही. शेवटची फेरी सुटली की जो ज्या काठावर आहे तो तिथेच राहतो. विश्व प्रसरण पावून थंड होत गेलं तशा काही प्रक्रियांच्या परतीच्या फेऱ्या बंद पडल्या. जास्तीचं काही उरू शकलं ते त्यामुळे.

दुसऱ्या अटीतला भेदभाव खरोखर असतो, हे १९६४ मध्ये क्रोनिन आणि फिच यांनी केऑन नावाच्या कणांत दाखवून दिलं होतं. पण केऑन, प्रोटॉन हे ज्यांचे बनतात त्या क्वार्क नावाच्या कणांच्या जगातला हा भेदभाव फारच तोकडा पडतो. त्यावर विसंबून हिशेब केला तर आज दिसतं त्याच्या पासंगालाही पुरेल एवढं द्रव्य उरत नाही. म्हणून भौतिकशास्त्रज्ञांची नजर न्यूट्रिनोकडे वळली.

न्यूट्रिनोचा जन्मही एका खुल्या पत्रातला, हे तुम्हाला आवडेल. डिसेंबर १९३० मध्ये वोल्फगांग पाउली यांनी ट्युबिंगेनला जमलेल्या किरणोत्सार-तज्ज्ञांना पत्र धाडलं. बीटा क्षयात, म्हणजे अणुकेंद्रक इलेक्ट्रॉन बाहेर फेकतं तेव्हा, थोडी ऊर्जा हरवल्यासारखी दिसते, ती एखादा न दिसणारा, विद्युतभार नसलेला कण घेऊन जात असेल का, असं विचारणारं. सभेला स्वतः येऊ शकत नाही, कारण झुरिकमध्ये नृत्याचा कार्यक्रम आहे आणि तिथे माझी गरज आहे, असंही त्यात होतं. कार्निव्हलच्या दिवसांत ऑफिसला न फिरकणाऱ्या आपल्याकडे त्यांना कोणी दोष देणार नाही. तो कण प्रत्यक्ष सापडायला १९५६ साल उजाडलं. अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर अणुभट्टीजवळ काउन आणि राइन्स यांनी तो पकडला. उशीर का, ते आकड्यांवरून कळेल: सूर्याकडून आलेले सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून जातात. दिवसा छतातून येतात, रात्री पृथ्वी ओलांडून जमिनीतून. कोणालाही कशाचाही पत्ता लागत नाही.

कित्येक दशकं असं धरून चाललं होतं, की न्यूट्रिनोला वस्तुमान नाही. मग रे डेव्हिस यांनी अमेरिकेतल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत कपडे धुण्याच्या ड्रायक्लीनिंगचं सहाशे टनांहून जास्त रसायन टाकीत भरून सूर्याचे न्यूट्रिनो मोजले, तर ते अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश भरले. लोकांनी डेव्हिसवर शंका घेतली, मग सूर्याच्या गणितावर घेतली. दोघंही बरोबर होते. न्यूट्रिनो तीन जातींचे असतात आणि वाटेत जात बदलतात. डेव्हिसच्या टाकीला एकच जात दिसत होती. १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांदेनं, म्हणजे डोंगराखाली हजार मीटरवर ठेवलेल्या ५०,००० टन शुद्ध पाण्याच्या टाकीनं, ही जातबदल वातावरणातल्या न्यूट्रिनोंत दाखवली. पुढे कॅनडाच्या सडबरी प्रयोगानं सूर्याच्या न्यूट्रिनोंत ती पक्की केली. काजिता आणि मॅकडोनाल्ड यांना २०१५ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. वस्तुमान शून्य असतं तर अशी जातबदल झालीच नसती.

वस्तुमान आहे, पण किती? जर्मनीत कार्लस्रूहला काट्रिन नावाचा प्रयोग आहे. त्याचं मुख्य यंत्र म्हणजे पोलादी निर्वात टाकी: २३ मीटर लांब, १० मीटर व्यासाची, २०० टनांची. ती जिथे तयार झाली ते डेगेनडॉर्फ तिथून चारशे किलोमीटरवर, पण रस्त्यानं नेणं अशक्य. म्हणून २००६ मध्ये ती डॅन्यूबमधून काळ्या समुद्रात, तिथून भूमध्य समुद्र आणि अटलांटिक करत ऱ्हाइन नदीतून वर आणली. जवळजवळ ९,००० किलोमीटरचा वळसा. शेवटच्या टप्प्यात ती गावाच्या अरुंद रस्त्यातून, घरांच्या भिंतींना जेमतेम चुकवत सरकत होती आणि सगळा गाव बाहेर येऊन बघत होता. एवढ्या खटाटोपानंतर काट्रिनचं आजचं उत्तर असं: न्यूट्रिनोचं वस्तुमान ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा कमी (कणांचं वस्तुमान मोजायचं हे एकक). इलेक्ट्रॉनचं ५,११,०००. म्हणजे इलेक्ट्रॉनहून न्यूट्रिनो किमान दहा लाख पटींनी हलका.

ही तफावत डोळ्यांत भरते. इतर कणांना ज्या पद्धतीनं वस्तुमान मिळतं त्याच पद्धतीनं न्यूट्रिनोलाही मिळालं असेल, तर तोच इतका हलका कसा? १९७७ ते १९८० च्या दरम्यान निरनिराळ्या लोकांनी स्वतंत्रपणे एकच कल्पना मांडली. त्यांत आपल्या ओडिशात जन्मलेले रवींद्रनाथ महापात्र हेही होते. कल्पनेचं नाव सी-सॉ, म्हणजे मुलांच्या खेळातली वर-खाली होणारी फळी. प्रत्येक हलक्या न्यूट्रिनोला एक अतिशय जड जोडीदार आहे, आणि तो जितका जड तितका हा हलका. आकडे घालून बघितले तर हा जोडीदार प्रोटॉनच्या कित्येक लाख कोटी पट जड निघू शकतो. असा कण कुठल्याही यंत्रात तयार करता येणार नाही. पण विश्वाच्या जन्मानंतरच्या पहिल्या क्षणी तेवढी उष्णता होती.

१९८६ मध्ये फुकुगिता आणि यानागिदा या दोन जपानी शास्त्रज्ञांनी पुढचं पाऊल टाकलं. विद्युतभार नसलेला हा जड न्यूट्रिनो स्वतःच स्वतःचा प्रतिकण असेल, तर मोडताना तो कणांच्या बाजूलाही जाऊ शकतो आणि प्रतिकणांच्याही. दोन्ही बाजूंना जाण्याची शक्यता केसभर वेगळी असली की झालं. विश्व थंड होत गेलं, जड न्यूट्रिनो मोडले, आणि ते परत घडवायला लागणारी उष्णता उरली नव्हती: परतीची फेरी बंद. मागे राहिली ती इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोंच्या कुटुंबातली छोटी विषमता. कुझमिन, रुबाकोव आणि शापोश्निकोव यांनी १९८५ मध्ये दाखवलं होतं, की अतिउष्ण विश्वात एक प्रक्रिया अशी विषमता प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या कुटुंबात सरकवू शकते. साखारोवच्या तिन्ही अटी एका फटक्यात भागल्या. न्यूट्रिनो हलका का, या कोड्यासाठी आणलेल्या कणानं आपण का आहोत, या कोड्यालाही हात घातला. भौतिकशास्त्रात असं फुकट क्वचितच मिळतं, आणि म्हणूनच मला हा तर्क आवडतो. आवडतो म्हणून तो खरा ठरत नाही, हेही वक्त्यानं तुमच्या मंचावर स्पष्ट सांगावं अशी माझी इच्छा आहे. जड न्यूट्रिनो कोणी पाहिलेला नाही. हाती लागतील ते आडवळणाचे पुरावे.

त्यांतला एक पुरावा असा: आजचे हलके न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो जात बदलताना वेगळे वागतात का? जपानचा टी-टू-के प्रयोग २९५ किलोमीटरवर न्यूट्रिनोंचा झोत सोडतो, अमेरिकेचा नोव्हा ८१० किलोमीटरवर. नोव्हात भारतीय संस्थांचे लोक बरीच वर्षं काम करताहेत. टी-टू-केनं २०२० मध्ये भेदभावाची चाहूल लागल्याचं जाहीर केलं, पण अजून पक्कं म्हणावं असं काही नाही. पुढचा मोठा प्रयोग ड्यून. त्याचा झोत १,३०० किलोमीटर जाऊन पोचेल तो नेमका डेव्हिसच्याच होमस्टेक खाणीत. दुसरा पुरावा आणखी दुर्मिळ: काही अणुकेंद्रकांत दोन बीटा क्षय एकदम होतात, त्यांत एकही न्यूट्रिनो बाहेर पडला नाही तर न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण आहे असं ठरेल. अजून एकदाही तसं दिसलेलं नाही.

यात आपलं काय, असं तुमच्यातला एखादा सभासद विचारणारच. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा नोंदले गेले ते १९६५ साली, आणि ते कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक तिथे जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर काम करत होते. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीतही ते दिसले. दामोदर कोसंबी आपले म्हणून पणजीत त्यांच्या नावानं विचारमहोत्सव भरतो. त्यांनी बरीच वर्षं गणित केलं ते याच टाटा संस्थेत.

आता जरा दुखऱ्या जागेवर येतो. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. तिच्या जागी तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात, बोडीच्या डोंगरात, भारताची नवी न्यूट्रिनो वेधशाळा व्हायची होती. डोंगराच्या पोटात सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा आणि आत ५०,००० टन चुंबकित लोखंडाच्या थरांचं यंत्र. (मुरगाव बंदरात एकेका जहाजात याहून जास्त खनिज चढलेलं पाहिलेल्यांना हा आकडा मोठा वाटणार नाही.) न्यूट्रिनोंच्या तीन वस्तुमानांचा क्रम लावणं हे त्या यंत्राचं मुख्य काम. २०१५ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. मग कोर्टकचेऱ्या, पर्यावरण परवान्यांचे वाद, आणि २०२२ मध्ये तामिळनाडू सरकारनं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की आम्हाला हा प्रकल्प इथे नको. दरम्यान चीनचा जूनो प्रयोग २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरूसुद्धा झाला, आणि त्याचंही मोठं उद्दिष्ट तोच क्रम लावणं.

मोलेच्या जंगलासाठी २०२० मध्ये लोक उभे राहिले तेव्हा मी त्यांच्या बाजूनं होतो, आजही आहे. त्यामुळे घाटातला डोंगर पोखरायला विरोध करणाऱ्या थेनीच्या शेतकऱ्याला अडाणी म्हणणं मला जमत नाही. पाण्याची, जंगलाची त्याची शंका खरी आहे. खाणपट्ट्यात राहून विहिरी आटलेल्या पाहिलेल्या माणसानं ती हसण्यावारी नेऊ नये. पण त्या विरोधात 'न्यूट्रिनोंमुळे किरणोत्सार पसरेल' अशाही गोष्टी मिसळल्या, आणि त्या साफ खोट्या आहेत. खरी शंका आणि खोटी भीती वेगळ्या काढायला गावात आधीपासून बोलणं-ऐकणं चालू असावं लागतं, लोकांच्या भाषेत. ते काम सरकारी पत्रकं करू शकत नाहीत. उद्या आपल्याकडे असा एखादा प्रकल्प आला तर त्याची चर्चा ग्रामसभेच्या आरडाओरड्यात पहिल्यांदा व्हावी, की त्याआधी चार वर्षं व्याख्यानमालेत? माझं मत उघड आहे.

व्यवहाराचं बोलू. वक्ते मिळत नाहीत ही सबब चालणार नाही. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे, झुआरीनगरला बिट्स पिलानीचं कॅम्पस आहे, दोन्हीकडे भौतिकशास्त्राचे विभाग आहेत. मुंबईत टाटा संस्था आहे. मराठीतून विश्वरचनाशास्त्र सांगता येतं हे जयंत नारळीकरांनी आयुष्यभर दाखवलं. आणि हे करताना महास्फोटाचा सिद्धान्त त्यांना स्वतःला पटत नव्हता, हेही लपवलं नाही. असा माणूस शोधा जो मराठीत किंवा आपल्या कोंकणी-मराठीच्या मिसळीत बोलेल आणि अडेल तिथे 'माहीत नाही' म्हणेल.

दीड तास भाषणाला, अर्धा तास प्रश्नांना. प्रश्न चिठ्ठीवर मागवू नका, लोकांना उभं राहून विचारू द्या. अकरावी-बारावीच्या मुलांना पुढच्या रांगा द्या आणि राखीव खुर्च्या मागे न्या. सत्कार आदल्या दिवशी उरका. आमदार उशिरा आले तर त्यांना मागच्या दारानं आणून बसवा, भाषण थांबवू नका.

पडदा आणि प्रोजेक्टर तुमच्याकडे असेलच. फळा मात्र लागेल, आणि तो मी घेऊन येईन. तुमच्या सभागृहांतले फळे मी पाहिले आहेत.

आपला,
उच्च माध्यमिकचा एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक
डिचोली, गोवा